बापू नाडकर्णींचं दुसरं काम

बापू नाडकर्णी म्हटलं की एकवीस निर्धाव षटकं. चार जुनी माणसं बसली आणि क्रिकेटचा विषय निघाला, की हा आकडा येतोच. जानेवारी १९६४, मद्रास, इंग्लंडविरुद्धची पहिली कसोटी. ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी एकही नाही. लागोपाठ १३१ चेंडूंवर फलंदाजांना धाव मिळाली नाही. नेट्समध्ये टप्प्याच्या जागी नाणं ठेवून त्यावर चेंडू टाकत राहण्याची त्यांची सवयही सगळ्यांना ठाऊक असते. हे सगळं खरं आहे आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण या एका आकड्यानं बापूंना अर्धं करून टाकलं आहे.

त्याच मालिकेतली पाचवी कसोटी कानपूरला झाली. इंग्लंडनं साडेपाचशेच्या वर धावा करून डाव सोडला. भारताचा पहिला डाव २६६ धावांत आटोपला आणि फॉलोऑन मिळाला. त्या २६६ मध्ये खालच्या फळीत येऊन बापूंनी नाबाद ५२ धावा केल्या होत्या. दुसऱ्या डावात त्यांना तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं. ते नाबाद १२२ धावा करूनच परतले आणि सामना वाचला. दोन्ही डावांत इंग्लंडला त्यांना बाद करता आलं नाही. त्या मालिकेत त्यांची फलंदाजीची सरासरी ९८ होती. मद्रासचा किस्सा सांगणाऱ्या किती जणांना कानपूर आठवतं?

प्रथम श्रेणी क्रिकेटमधले त्यांचे आकडे तर फारच थोड्यांना माहीत असतात. १९१ सामने, ८,८८० धावा, सरासरी चाळिशीच्या वर. आणि ५०० बळी, सरासरी एकविसाच्या आसपास. यातला धावांचा भाग वेगळा काढला तरी तो चांगल्या फलंदाजाचा हिशेब ठरतो. बळींचा भाग वेगळा काढला तर तो अव्वल गोलंदाजाचा. १९६०-६१ च्या हंगामात रणजी करंडकात मुंबईकडून दिल्लीविरुद्ध त्यांनी नाबाद २८३ धावा केल्या. १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये मद्रासलाच ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन डावांत मिळून ११ बळी घेतले. तो सामना भारत हरला, म्हणून ते ११ बळीही विस्मरणात गेले. ४१ कसोटींत १,४१४ धावा आणि ८८ बळी हे आकडे या माणसाच्या मानानं कमीच वाटतात. त्याचं कारणही सांगायला हवं. डिसेंबर १९५५ मध्ये दिल्लीला न्यूझीलंडविरुद्ध पहिली कसोटी खेळताना त्यांनी नाबाद ६८ धावा केल्या, ५७ षटकं टाकली, बळी मिळाला नाही. विनू मांकड परतल्यावर त्यांची जागा गेली. मांकड असताना दुसऱ्या डावखुऱ्या फिरकी अष्टपैलूला संघात जागा होणं अवघडच होतं.

दक्षिण आफ्रिकेचे ट्रेव्हर गॉडार्ड हे बापूंचे खरे समकालीन जोडीदार. दोघंही डावखुरे, दोघंही ४१ कसोटी खेळलेले. षटकामागे सर्वांत कमी धावा देणाऱ्या गोलंदाजांची यादी काढली तर गॉडार्ड आणि बापू शेजारी शेजारी सापडतात. बापूंचा हिशेब षटकामागे १.६७ धावांचा. गॉडार्ड यांच्याविषयी लिहिताना जग त्यांना अष्टपैलू म्हणूनच ओळखतं. आपण मात्र बापूंना चिवट गोलंदाजाच्या खुर्चीत बसवून मोकळे झालो. मराठी मनाला काटकसर आवडते, म्हणून आपल्याला काटकसरीचा बापू हवा होता, असं मला वाटतं.

त्यांच्या निवृत्तीकडेही आपण नीट पाहिलं नाही. १९६८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पतौडींच्या संघानं न्यूझीलंडमध्ये मालिका ३-१ अशी जिंकली. परदेशात भारतानं जिंकलेली ती पहिली मालिका. वेलिंग्टनच्या कसोटीत दुसऱ्या डावात बापूंनी ४३ धावांत ६ बळी घेतले. ही त्यांच्या कसोटी कारकिर्दीतली सर्वोत्तम कामगिरी. त्यापुढची ऑकलंडची कसोटी ही त्यांची शेवटची. वय पस्तिशीला टेकलेलं, मागे बिशनसिंग बेदी तयार झालेला. सर्वोत्तम गोलंदाजी केल्यावर एका सामन्यानं माणूस थांबला. ज्या संघात ते एकेकाळी मांकडांची रिकामी जागा भरायला आले होते, तो संघ परदेशात जिंकलेला पाहून ते बाहेर पडले. इतकी नेटकी निवृत्ती भारतीय क्रिकेटमध्ये क्वचित झाली आहे.

पण त्या निवृत्तीनं जी पोकळी झाली ती कुणी मोजली नाही. त्यानंतरचं दशक बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन या चौघांचं. भारतीय गोलंदाजीचा तो सुवर्णकाळ, त्याबद्दल वाद नाही. मात्र या चौघांच्या काळात भारताचं शेपूट लांबलं. सहा बाद झाले की पुढचा डाव झरझर आटपायचा. १९७८ मध्ये कपिलदेव येईपर्यंत ही अडचण होती. मधल्या काळात ती जागा शक्य तितकी भरून काढली एकनाथ सोलकरनं. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा २७ कसोटी खेळला. १,०६८ धावा, १८ बळी आणि ५३ झेल. १९७१ मध्ये ओव्हलला चंद्रशेखरनं सामना जिंकून दिला हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच सामन्यात सोलकरनं पहिल्या डावात २८ धावांत ३ बळी घेतले होते आणि ४४ धावा केल्या होत्या. आज सोलकर म्हटलं की फॉरवर्ड शॉर्ट लेगचे झेल. त्यालाही आपण एका कामापुरतं लक्षात ठेवलं.

इथं अष्टपैलू कुणाला म्हणायचं हे स्पष्ट केलं पाहिजे. थोडी फलंदाजी, थोडी गोलंदाजी, म्हणजे अष्टपैलू, ही व्याख्या मला मान्य नाही. अष्टपैलूची कसोटी लागते ती त्याचं पहिलं काम फसलेल्या दिवशी. दिवसभर बळी मिळाला नाही आणि संध्याकाळी पॅड बांधून उभं राहायचं आहे, तेव्हा तो काय करतो? आमच्या नगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यात हे समजावून सांगावं लागत नाही. इथली शेती जिरायत. ज्वारी-बाजरी पावसाच्या भरवशावर, म्हणून घराघरात दुभती गाय नाहीतर शेळ्या. ज्वारी करपते त्या वर्षी घर दुधावर चालतं. गाय कुणी हौसेनं बांधलेली नसते. अष्टपैलूचं दुसरं काम त्या गायीसारखं असतं.

आणि हे दुसरं काम कुणीतरी मागावं लागतं. अंगात गुण असून भागत नाही. कर्णधारानं, मास्तरांनी, संघाच्या गरजेनं ते मागितलं पाहिजे. महाराष्ट्राच्या अष्टपैलूंचा इतिहास मी वाचतो तो असा. कुणी कुणाकडे काय मागितलं, त्याचा हा इतिहास आहे.

जन्मगावं पाहा. विजय हजारे सांगलीचे. दत्तू फडकर कोल्हापूरचे. पॉली उमरीगर सोलापूरचे. बापू नाशिकचे. चंदू बोर्डे पुण्याचे. स्वातंत्र्याच्या आगेमागे कसोटी क्रिकेट गाजवलेल्या या पाच अष्टपैलूंपैकी मुंबईत एकाचाही जन्म झालेला नाही. यातले काही पुढे मुंबईतच घडले, तेव्हा यावरून फार मोठा सिद्धांत उभारू नये. तरीही महाराष्ट्र आणि बडोद्यासारख्या संघांत माणसं मोजकी, म्हणून जो चांगला खेळतो त्यानं सगळंच करायचं, ही पद्धत होती एवढं नक्की म्हणता येईल. बापूंनीही रणजी करंडकातली पहिली नऊ वर्षं महाराष्ट्राकडून काढली आणि मग ते मुंबईकडे गेले. ते मुंबईत पोचले तेव्हा दोन्ही कामं अंगवळणी पडलेली होती.

हजारे यांच्यावर थोडं थांबलं पाहिजे. १९४७-४८ च्या ॲडलेड कसोटीत त्यांनी दोन्ही डावांत शतकं केली, ११६ आणि १४५, तीही ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियासमोर. शाळकरी मुलांनाही हे माहीत असायचं. त्याच मालिकेत ब्रॅडमनचा त्रिफळा हजारेंनी दोनदा उडवला, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही. प्रथम श्रेणीत त्यांचे ५९५ बळी आहेत. साडेअठरा हजारांवर धावा करणाऱ्या माणसाचे पाचशे पंच्याण्णव बळी! १९४३-४४ च्या पंचरंगी अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध 'द रेस्ट'च्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारेंच्या होत्या. इतकं ओझं एका माणसावर टाकणारी संघरचना चांगली होती असं मी म्हणणार नाही. पण त्या ओझ्याखालीच हजारे घडले हेही नाकारता येत नाही.

फडकरांनी सिडनीला पहिल्याच कसोटीत ५१ धावा केल्या आणि १४ धावांत ३ बळी घेतले. ॲडलेडला हजारेंच्या सोबतीनं त्यांनी १२३ केल्या. मध्यमगती गोलंदाजी आणि भरवशाची फलंदाजी, असा माणूस भारताला नंतर तीस वर्षं सापडला नाही. उमरीगर मूळचे फलंदाज. पण १९६२ च्या एप्रिलमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडिजविरुद्ध त्यांनी ५६ आणि नाबाद १७२ धावा केल्या, शिवाय १०७ धावांत ५ बळी घेतले. त्या दौऱ्यानंतर ते कसोटी क्रिकेटमधून बाहेर पडले. संघ मालिकेतल्या पाचही कसोटी हरला, म्हणून उमरीगरांचा हा सामना स्मरणिकांपुरता उरला. बोर्डेंचं तर वेगळंच दुःख. १९६१-६२ मध्ये इंग्लंडला आपण पहिल्यांदा मालिकेत हरवलं तेव्हा सलीम दुराणींच्या २३ बळींच्या जोडीला बोर्डेंचे १६ बळी होते. पुढे खांद्याच्या दुखण्यानं त्यांचा लेगब्रेक सुटला आणि ते निव्वळ फलंदाज झाले. त्यांच्या ५२ कसोटी बळींकडे पाहताना हे लक्षात ठेवायला हवं.

या माणसांचं खेळणं नोकरी सांभाळून होतं. मुंबईत टाइम्स शिल्डसारख्या स्पर्धांमध्ये कंपन्यांचे संघ उतरत, कसोटीपटूही त्यात खेळत. शनिवार-रविवारच्या अशा सामन्यांत गोलंदाजाला फलंदाजीही मनापासून करावी लागे, कारण संघात पाहुणे नव्हते आणि बदली खेळाडूची चैन नव्हती. त्या काळाचं सगळंच चांगलं होतं असं नाही. खेळपट्ट्या उघड्या, मानधन नगण्य, दुखापतीला औषध म्हणजे शेक. पण दुसरं काम मागण्याची सवय तेव्हा होती.

बापूंचा वारसा पुढे गेला तो एका वेगळ्याच वाटेनं. १९८०-८१ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यावर ते संघाचे सहायक व्यवस्थापक होते. दिलीप दोशी जायबंदी झाले आणि मुंबईचा अठरा वर्षांचा डावखुरा फिरकी गोलंदाज रवी शास्त्री याला वेलिंग्टनला बोलावून घेतलं गेलं. त्या निवडीत बापूंचा शब्द होता असं सांगितलं जातं. ज्या वेलिंग्टनला बापूंनी ४३ धावांत ६ बळी घेतले होते, तिथंच शास्त्रीनं पहिल्या कसोटीत सहा बळी घेतले. शास्त्री तेव्हा दहाव्या क्रमांकावर फलंदाजीला आला. पुढे तो सलामीला जाऊ लागला. ८० कसोटी, ३,८३० धावा, ११ शतकं, १५१ बळी. १९९२ च्या जानेवारीत सिडनीला २०६. बडोद्याच्या तिलकराजला एका षटकात सहा षटकार मारले तोही हाच माणूस, आणि धावा रोखून खेळतो म्हणून प्रेक्षकांच्या शिव्या खाल्ल्या तोही हाच. गुडघ्यानं दगा दिला आणि तिशी नुकतीच ओलांडलेली असताना त्याला थांबावं लागलं. जाताना मुंबईला १९९३-९४ चा रणजी करंडक जिंकून दिला. शास्त्रीवर माझा आक्षेप एकच. फलंदाजी वर सरकली तशी त्याची गोलंदाजी मागे पडत गेली आणि ती कुणी परत मागितली नाही. चाळिशीच्या सरासरीनं आलेले १५१ बळी हे त्याच्या हातातल्या कसबाचं खरं मोजमाप नाही.

शास्त्रीनंतर काय? अजित आगरकर शालेय क्रिकेटमध्ये फलंदाज म्हणून नावाजला होता. त्यानं २००२ मध्ये लॉर्ड्सवर आठव्या क्रमांकावर नाबाद १०९ धावा केल्या, तरी संघाला त्याच्याकडून हवे होते ते बळीच. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो संजय बांगर. बीडचा, म्हणजे आमच्या शेजारच्या जिल्ह्याचा. महाराष्ट्राच्या संघातून नव्हे, रेल्वेच्या संघातून पुढे आला. ऑगस्ट २००२ मध्ये हेडिंग्लेच्या ढगाळ हवेत त्याला सलामीला पाठवलं. द्रविडनं १४८, तेंडुलकरनं १९३ आणि गांगुलीनं १२८ धावा केल्या, त्यामुळे बांगरच्या ६८ धावा दिसेनाशा झाल्या. पण पहिल्या दिवशी चेंडू हलत असताना द्रविडबरोबर उभं राहून पाया घातला तो बांगरनं. शिवाय दुसऱ्या डावात दोन बळी. भारत डावानं जिंकला. बारा कसोटींनंतर बांगरची गरज संपली. त्याच्यासारख्या खेळाडूला जागा करून देण्याचा धीर तेवढाच होता.

केदार जाधवची गोष्ट याहून बोलकी आहे. हा महाराष्ट्राचा फलंदाज. २०१३-१४ च्या रणजी हंगामात बाराशेच्या वर धावा करून त्यानं संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेलं. त्या सामन्यात कर्नाटकानं हरवलं आणि १९४०-४१ नंतरचं विजेतेपद पुन्हा हुकलं ते हुकलंच. स्थानिक क्रिकेटमध्ये त्याच्याकडून क्वचितच गोलंदाजी करवली गेली. ऑक्टोबर २०१६ मध्ये धरमशालेला न्यूझीलंडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात धोनीनं त्याच्या हातात चेंडू दिला आणि त्यानं लागोपाठच्या चेंडूंवर दोन बळी घेतले. हात खाली नेऊन टाकलेली ती विचित्र ऑफस्पिन पुढे भारताच्या उपयोगी पडली. एकदिवसीय क्रिकेटमध्ये त्याचे २७ बळी आहेत. ३ जून २०२४ ला तो निवृत्त झाला तेव्हा सगळ्यांनी पुण्याच्या १२० धावांची आठवण काढली. मला मात्र एक प्रश्न सतावतो. तिशी ओलांडल्यावर आंतरराष्ट्रीय सामन्यात जो गोलंदाज सापडला, तो त्याआधी इतकी वर्षं आपल्याच मैदानांवर क्षेत्ररक्षण करत उभा होता. त्याला चेंडू का दिला गेला नाही?

उत्तर पद्धतीत आहे. आज चांगल्या अकादमीत गेलं की पहिला प्रश्न असतो, बॅट्समन की बॉलर? बाराव्या वर्षी मुलाच्या कपाळावर शिक्का बसतो. फलंदाजाला नेट्समध्ये अर्धा तास, गोलंदाजाला चेंडूंची ठरलेली संख्या. वेगवान गोलंदाजांच्या बाबतीत ही संख्या मोजणं आवश्यक आहे; वाढत्या वयातल्या पाठीच्या दुखापती हे खरं संकट आहे. पण फिरकी टाकणाऱ्या मुलाच्या हातात बॅट न देण्याला काय कारण? आयपीएलनं २०२३ पासून 'इम्पॅक्ट प्लेअर' आणला आणि या शिक्क्यावर मोहोर उमटवली. फलंदाजी झाली की एक फलंदाज काढायचा, त्याच्या जागी गोलंदाज आणायचा. दुसरं काम करणारा माणूसच नको. रोहित शर्मानं २०२४ मध्ये उघडपणे सांगितलं की या नियमानं अष्टपैलूंची वाढ खुंटते, आणि उदाहरण दिलं ते शिवम दुबे आणि वॉशिंग्टन सुंदरचं. मुंबईचा दुबे षटकार मारतो म्हणून त्याला घेतलं जायचं आणि मग गोलंदाजीच्या वेळी तो बाकावर. मंडळानं मुश्ताक अली करंडकातून हा नियम २०२४-२५ मध्ये काढला, हे चांगलं झालं. आयपीएलमध्ये तो राहिला. मुलं पाहतात ती आयपीएल.

आता पारनेरकडे येतो. आमच्या तालुक्यात क्रिकेट म्हणजे मुख्यतः टेनिस बॉल. ज्वारीची काढणी उरकली आणि यात्रांचे दिवस जवळ आले की गावोगाव स्पर्धा सुरू होतात. माळावर नाहीतर शाळेच्या मैदानावर मुरमाची खेळपट्टी दाबून घेतलेली, सहा-आठ षटकांचे सामने, भोंग्यावर मराठी समालोचन, मुंबईला असलेल्या गावच्या मंडळींनी दिलेली बक्षिसं. आमच्या तालुक्यातली माणसं मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सुट्टीला गावी आली की संघ उभा राहतो. सुप्याच्या एमआयडीसीत पाळी करणारी पोरं रविवारी वेगळा संघ घेऊन येतात. या क्रिकेटकडे पुण्या-मुंबईचे जाणकार तुच्छतेनं पाहतात. आडवे पट्टे, फेकी गोलंदाजी, तंत्राचा पत्ता नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. मुरमावर टेनिस बॉल उसळतो तो सिझन बॉलसारखा नव्हे. तिथं पुढच्या पायावर सरळ बॅटनं खेळणारा मुलगा धावाच करू शकत नाही. टप्पा, उंची, फिरक यांचा विचार करायला सहा षटकांत वेळ नसतो. बापूंच्या नाण्याला इथं जागा नाही.

पण या क्रिकेटमध्ये एक गोष्ट आहे जी अकादम्यांत उरलेली नाही. इथं प्रत्येकाकडून सगळं मागितलं जातं. नऊ-दहा पोरांत दोन चांगली असतात. तीच पहिली ओव्हर टाकतात, तीच सलामीला जातात, तीच सीमारेषेवर धावतात. मालिकावीराचं बक्षीस बहुतेकदा अशा पोरालाच जातं आणि त्यावर कुणी वाद घालत नाही, कारण दुसऱ्या कामाची किंमत इथं प्रत्येक प्रेक्षकाला कळते. सोळाव्या-सतराव्या वर्षापर्यंत आमच्या माळावरची पोरं अष्टपैलू असतात. ज्यांची ऐपत असते ती नगरला नाहीतर पुण्याला सिझन बॉल खेळायला जातात. तिथं त्यांना निवड करायला लावली जाते. परत येतात तेव्हा कुणी फलंदाज झालेलं असतं, कुणी गोलंदाज. पुष्कळ जण त्यातलं काहीच झालेले नसतात.

या जिल्ह्यानं देशाला मोठे क्रिकेटपटू दिले नाहीत असं नाही. झहीर खान श्रीरामपूरचा. अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. दोघंही जिल्हा सोडल्यावरच क्रिकेटपटू झाले; एक मुंबईमार्गे बडोद्याला, दुसरा डोंबिवलीतून मुंबईला. झहीरनं कसोटीत ३११ बळी घेतले. त्यानंच २००४ मध्ये ढाक्याला अकराव्या क्रमांकावर येऊन ७५ धावा केल्या आणि तेंडुलकरबरोबर शेवटच्या जोडीची १३३ धावांची भागी केली. त्या ७५ धावांत एक फलंदाज दिसला होता. डावखुरा वेगवान गोलंदाज हाती लागल्यावर त्याला फलंदाजी कोण शिकवणार? झहीरला अष्टपैलू करायला हवं होतं असा माझा दावा नाही. प्रयत्न झालाच नाही, एवढं मात्र दिसतं.

कला सगळीच संपलेली नाही. पालघरजवळच्या माहीमचा शार्दुल ठाकूर लोकलनं मुंबई गाठून क्रिकेट शिकला. २०२१ च्या जानेवारीत गॅब्बाला वॉशिंग्टन सुंदरबरोबर त्यानं १२३ धावांची भागी केली, त्यात त्याच्या ६७. त्याच वर्षी ओव्हलला दोन्ही डावांत अर्धशतकं, पुढच्या जानेवारीत जोहान्सबर्गला ६१ धावांत ७ बळी. मार्च २०२४ मध्ये रणजी उपांत्य सामन्यात मुंबईचा डाव घसरल्यावर १०९ धावा. तो सातत्यानं खेळला नाही, त्याच्या गोलंदाजीत धार कमी-जास्त होते, हे आक्षेप मला मान्य आहेत. पण अडचणीत दुसरं काम करायला उभा राहणारा माणूस म्हणून तो हजारे-नाडकर्णींच्याच घराण्यातला आहे. त्या हंगामात मुंबईनं बेचाळिसाव्यांदा करंडक जिंकला आणि मालिकावीर ठरला तनुष कोटियन, तोही अष्टपैलूच. सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी फलंदाजीबरोबर मध्यमगती गोलंदाजी करत एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला. तो पुढची दहा वर्षं दोन्ही कामं करत राहील की शिक्का मारून घेईल, हे त्याच्याइतकंच महाराष्ट्राच्या संघावर अवलंबून आहे.

महिला क्रिकेटमध्ये चित्र अधिक चांगलं आहे. कोल्हापूरची अनुजा पाटील, पुण्याची देविका वैद्य या दोघी अष्टपैलू म्हणूनच भारतीय संघापर्यंत पोचल्या. मुलींच्या संघांत खेळाडू मोजक्या, म्हणून दुसरं काम मागितलं जातं. हजारेंच्या काळी होतं तेच. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. दीप्ती शर्मानं ५८ धावा केल्या आणि ३९ धावांत ५ बळी घेतले. कसलेल्या अष्टपैलूचा तो दिवस होता. मला त्याहून आनंद झाला शफाली वर्मामुळे. ती सलामीची फलंदाज. ८७ धावा करून तिचं काम झालेलं. दक्षिण आफ्रिकेची जोडी जमलेली असताना हरमनप्रीत कौरनं तिच्या हातात चेंडू दिला आणि तिनं दोन बळी घेतले. धरमशालेला केदारकडे चेंडू आला तसाच हा प्रसंग. कुणीतरी मागितलं.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती जिल्हा पातळीवरच पूर्ण होऊ शकते. चौदा आणि सोळा वर्षांखालच्या सामन्यांत पहिल्या चार क्रमांकांवर खेळणाऱ्या प्रत्येक मुलाकडून किमान दोन षटकं टाकून घ्यावीत. पहिली चार षटकं टाकणाऱ्या गोलंदाजांना सामन्यागणिक आळीपाळीनं पाचव्या-सहाव्या क्रमांकावर पाठवावं. काही सामने हातचे जातील. या वयात ते गेले तरी बिघडत नाही. प्रशिक्षक म्हणतील, आम्हाला निकाल दाखवावे लागतात. तर मग निकालाबरोबर हेही मोजा की हंगामात किती मुलांनी शंभर धावा आणि दहा बळी असं दोन्ही केलं. निवड चाचणीच्या अर्जावर फलंदाज, गोलंदाज असे रकाने असतात, ते सोळाव्या वर्षापर्यंत कोरे ठेवा. पारनेर, श्रीगोंदा, जामखेडच्या माळांवरून येणारी पोरं हे दोन्ही करतच येतात. त्यांना ते विसरायला लावू नका, इतकंच. नगरच्या वाडिया पार्कवर एक हंगाम असा खेळवून पाहावा आणि मार्चमध्ये धावपुस्तिका उघडून बसावं.